उमेदवाराचा वर्ण आणि मतदाराचा कौल

मत देताना मतदाराजवळ उमेदवाराची सगळी माहिती कधीच नसते. पक्ष कोणता, सत्तेवर असलेल्यांनी काय केले, महागाई आणि रोजगाराची स्थिती काय, उमेदवार आपल्या भागातला आहे की नाही, अशा मोजक्या खुणांवर त्याचा निर्णय होतो. उमेदवाराचा वर्ण ही अशीच एक खूण. मात्र ती छायाचित्र पाहताक्षणी दिसते आणि तिच्यामागे अनेक पिढ्यांचा इतिहास उभा असतो. या खुणेमुळे मत किती हलते, कोणाचे हलते आणि कोणत्या परिस्थितीत ते मुळीच हलत नाही, याचा सर्वांत जास्त अभ्यास अमेरिकेत झाला आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या समाजाला कागदावर मिळालेला मताधिकार प्रत्यक्ष बजावता यावा म्हणून तिथे जवळजवळ शंभर वर्षे झगडावे लागले; त्यामुळे तिथल्या प्रत्येक निवडणुकीच्या आकडेवारीत हा प्रश्न दडलेला असतो.

वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारायला १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने बंदी केली. त्याच वर्षी मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स सिनेटवर गेले, पण तेव्हा सिनेटर राज्यांची विधिमंडळे निवडत असत. पुढच्या तीन दशकांत दक्षिणेकडील राज्यांनी मतदान-कर, साक्षरतेच्या परीक्षा, फक्त गोऱ्यांसाठी घेतलेल्या पक्षांतर्गत निवडणुका आणि उघड हिंसा यांच्या जोरावर कृष्णवर्णीयांना मतदार यादीतून हुसकून लावले. नॉर्थ कॅरोलायनाचे जॉर्ज व्हाइट १९०१ मध्ये काँग्रेसमधून, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतून, बाहेर पडले. त्यानंतर १९२९ मध्ये शिकागोचे ऑस्कर डी प्रीस्ट येईपर्यंत तिथे एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता. ही कोंडी फुटली ती १९६५ च्या मताधिकार कायद्याने. मिसिसिपीत मतदार म्हणून नोंदलेल्या कृष्णवर्णीयांचे प्रमाण त्या वर्षी सुमारे ७ टक्के होते. दोनच वर्षांत ते ६० टक्क्यांच्या घरात गेले. १९६६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधून एडवर्ड ब्रूक थेट लोकांच्या मतांनी सिनेटर झाले, १९६७ मध्ये क्लीव्हलँडने कार्ल स्टोक्स यांना महापौर केले. गोऱ्या मतदाराच्या मतपत्रिकेवर आता कृष्णवर्णीय उमेदवाराचे नाव नेहमी दिसू लागले, आणि त्याचा परिणाम मोजणे शक्य झाले.

मोजणीचा पहिला गाजलेला पेच १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात पडला. लॉस एंजेलिसचे महापौर टॉम ब्रॅडली राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते. मतदानापूर्वीच्या चाचण्यांत ते पुढे होते, आणि मतदानाच्या संध्याकाळी एक्झिट पोलच्या आधारावर त्यांच्या विजयाचा अंदाजही जाहीर झाला. प्रत्यक्षात जॉर्ज ड्यूकमेजियन सुमारे ९३ हजार मतांनी जिंकले; एकूण मतदान ७५ लाखांच्या वर होते. यातून एक तर्क रूढ झाला. काही गोरे मतदार मुलाखत घेणाऱ्यासमोर मोकळ्या मनाचे दिसावे म्हणून कृष्णवर्णीय उमेदवाराचे नाव घेतात आणि पडद्याआड गेल्यावर दुसऱ्याला मत देतात, असा तो तर्क. त्याला ‘ब्रॅडली परिणाम’ असे नाव पडले.

ब्रॅडलींच्याच निवडणुकीला हा तर्क किती लागू पडतो, याबद्दल मात्र मतभेद आहेत, आणि त्यामागची कारणे भक्कम आहेत. मतदान केंद्रांवर पडलेल्या मतांत ब्रॅडली किंचित पुढेच होते. निकाल फिरवला तो टपाली मतांनी. रिपब्लिकन पक्षाने त्या वर्षी टपाली मते गोळा करण्यासाठी मोठी मोहीम चालवली होती, आणि केंद्राबाहेर उभे राहून विचारणाऱ्या एक्झिट पोलला हे मतदार भेटलेच नाहीत. शिवाय त्याच दिवशी पिस्तुलांवर नियंत्रण आणण्याच्या प्रस्तावावरही मतदान होते. त्याला विरोध करणारे मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडले, आणि ब्रॅडली त्या प्रस्तावाच्या बाजूने होते. एका पराभवामागे इतकी कारणे असताना त्यातून वर्णाचा वाटा वेगळा काढायचा, हीच या अभ्यासाची खरी अडचण आहे.

व्हर्जिनियातला १९८९ चा दाखला जास्त स्वच्छ आहे. गुलामांचे नातू असलेले डग्लस वाइल्डर तिथे डेमोक्रॅटिक पक्षाकडून गव्हर्नरपदासाठी उभे होते. चाचण्यांनी त्यांना चांगली आघाडी दिली होती, पण ते निवडून आले सात हजारांहूनही कमी मतांनी. त्याच दिवशी, त्याच राज्यात, त्याच पक्षाचे दोन गोरे उमेदवार उपगव्हर्नर आणि महाधिवक्ता या पदांवर सहज निवडून आले. याच निवडणुकीतल्या एका मतचाचणीचा नंतर बारकाईने अभ्यास झाला. मुलाखत घेणारी व्यक्ती कृष्णवर्णीय असेल, तर गोऱ्या मतदारांत वाइल्डर यांना पाठिंबा सांगणाऱ्यांचे प्रमाण ८ ते ११ टक्क्यांनी जास्त भरत होते. प्रश्न तोच आणि उमेदवार तोच असूनही विचारणारा बदलला की उत्तर बदलत होते.

पुढे राज्यशास्त्रज्ञ डॅनियल हॉपकिन्स यांनी १९८९ ते २००६ या काळातल्या गव्हर्नर आणि सिनेटच्या निवडणुका एकत्र तपासल्या. कृष्णवर्णीय उमेदवारांच्या बाबतीत चाचणी आणि निकाल यांतली तफावत नव्वदच्या दशकाच्या पहिल्या वर्षांत दिसते, आणि १९९६ च्या सुमारास ती नाहीशी होते, असे त्यांना आढळले. म्हणजे लोक खरे सांगू लागले. त्यांच्या मतावरचा वर्णाचा प्रभावही त्याबरोबर गेला, असे मात्र त्यावरून ठरत नाही. जो मतदार आपला विरोध लपवत नाही, तो चाचणीत आणि निकालात सारखाच दिसणार.

हा प्रभाव मनात नेमका कसा काम करतो? उघड द्वेष हे त्याचे एक रूप, पण त्याहून सूक्ष्म असे दुसरेही रूप आहे. उमेदवाराबद्दल माहिती नसते तिथे मतदार अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजाला वर्णाचा आधार मिळतो. कृष्णवर्णीय उमेदवार म्हणजे जास्त डाव्या विचारांचा, गुन्हेगारीबद्दल मवाळ, ‘त्यांच्या’ लोकांकडे आधी बघणारा, अशी समजूत त्याने एक शब्दही बोलण्यापूर्वी तयार असते. लॉस एंजेलिसच्या १९६९ च्या निवडणुकीत हे अगदी जवळून दिसले. ब्रॅडली पहिल्या फेरीत बरेच पुढे होते. दुसऱ्या फेरीत महापौर सॅम यॉर्टी यांनी प्रचार असा फिरवला की ब्रॅडली आले तर शहर जहाल कृष्णवर्णीयांच्या ताब्यात जाईल आणि पोलीस दल मोडून पडेल. ज्यांच्याबद्दल हे सांगितले जात होते, त्या ब्रॅडलींनी त्याच शहराच्या पोलीस दलात वीस वर्षांहून अधिक नोकरी करून लेफ्टनंटपद मिळवले होते. ही कारकीर्द जगजाहीर होती, तरी ब्रॅडली हरले. चार वर्षांनी ते पुन्हा उभे राहिले आणि निवडून आले. त्यानंतर ते सलग वीस वर्षे महापौर होते. शहरात कृष्णवर्णीयांची वस्ती पाचव्या हिश्श्याहूनही कमी असताना ते पाच वेळा निवडून आले.

राज्यशास्त्रज्ञ झोल्टन हायनल यांनी याच अनुभवाचा अनेक शहरांत मागोवा घेतला. पहिल्यांदा निवडून येताना कृष्णवर्णीय महापौराला गोऱ्यांची मते फार थोडी पडतात. एक कारकीर्द संपेपर्यंत घरांच्या किमती कोसळलेल्या नसतात, नोकऱ्या हिरावलेल्या नसतात, रस्त्यावरचे दिवे पूर्वीसारखेच लागत असतात. भीतीची जागा प्रत्यक्ष अनुभव घेतो, आणि दुसऱ्या निवडणुकीत बऱ्याच ठिकाणी गोऱ्यांचा पाठिंबा वाढतो. मात्र जिथे दोन्ही समाज संख्येने तुल्यबळ असतात आणि सत्तेची खेचाखेच अटीतटीची असते, तिथे हा बदल फार मंद असतो.

शिकागो हे असे शहर होते. १९८३ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, दोन गोऱ्या उमेदवारांत मते विभागली आणि हॅरल्ड वॉशिंग्टन यांना उमेदवारी मिळाली. त्या शहरात अर्धशतकात रिपब्लिकन महापौर झालेला नव्हता; डेमोक्रॅटिक उमेदवारी म्हणजेच महापौरपद, असा तिथला हिशेब होता. पण वॉशिंग्टन यांचे नाव पक्के होताच आयुष्यभर डेमोक्रॅट असलेल्या गोऱ्या वस्त्या एका रात्रीत रिपब्लिकन बर्नार्ड एप्टन यांच्या मागे गेल्या. ‘फार उशीर होण्यापूर्वी’ एप्टन यांना निवडा, असे आवाहन दूरचित्रवाणीवरून होऊ लागले. पाम संडेला वॉशिंग्टन हे माजी उपाध्यक्ष वॉल्टर माँडेल यांच्यासह सेंट पास्कल चर्चमध्ये गेले, तेव्हा बाहेर जमलेल्या लोकांनी त्यांच्यावर शिव्यांचा भडिमार केला, आणि चर्चच्या दारावर त्यांच्या मरणाची इच्छा करणारा वंशद्वेषी मजकूर रंगवलेला होता. वॉशिंग्टन ५२ टक्क्यांच्या आसपास मते मिळवून जिंकले, ते मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या विक्रमी नोंदणीमुळे आणि मतदानामुळे, लॅटिनो आणि थोड्या उदारमतवादी गोऱ्या मतदारांच्या साथीने. पक्षनिष्ठा ही अमेरिकी मतदानातली सर्वांत चिवट गोष्ट मानली जाते. शिकागोत तीही वर्णापुढे टिकली नाही.

प्रचारात वर्णाचा उल्लेख कसा होतो, यावरही बरेच अवलंबून असते. साठच्या दशकानंतर उघड वंशवादी भाषण करणे अमेरिकेत बहुतेक ठिकाणी महाग पडू लागले. मग सूचकतेचा मार्ग आला. १९९० मध्ये नॉर्थ कॅरोलायनात सिनेटर जेसी हेल्म्स यांच्यासमोर शार्लटचे माजी महापौर हार्वी गँट होते. मतदानाच्या तोंडावर हेल्म्स यांनी एक जाहिरात दाखवली. पडद्यावर फक्त एका गोऱ्या माणसाचे हात दिसतात. नोकरी नाकारल्याचे पत्र ते चुरगाळतात, आणि निवेदक सांगतो की नोकरी तुम्हाला हवी होती, तुम्ही लायकही होतात, पण वांशिक कोट्यामुळे ती अल्पसंख्याकाला द्यावी लागली. गँट यांच्या वर्णाबद्दल एकही शब्द न बोलता सांगायचे ते सांगून झाले होते. हेल्म्स जिंकले. राज्यशास्त्रज्ञ ताली मेंडेलबर्ग यांनी २००१ मध्ये मांडले की असा सूचक संदेश प्रभावी ठरतो, कारण ऐकणाऱ्याला तो वंशवादी वाटतच नाही. कोणी ते उघडपणे दाखवून दिले की त्याचा जोर ओसरतो. अलीकडच्या प्रयोगांनी मात्र या मांडणीपुढे प्रश्न उभा केला आहे. आता उघड वंशवादी वक्तव्यालाही पूर्वीसारखी शिक्षा होत नाही, असे त्यांत दिसते. लोकशाहीची काळजी असणाऱ्याला हा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे.

कृष्णवर्णीय मतदारांबद्दल एक ढोबळ समज असा की ते आपल्या वर्णाच्या माणसाला डोळे झाकून मत देतात. आकडे तसे सांगत नाहीत. २००४ मध्ये इलिनॉयच्या सिनेट निवडणुकीत बराक ओबामा आणि रिपब्लिकन ॲलन कीज असे दोन कृष्णवर्णीय उमेदवार होते. कीज यांना एकूण मतांपैकी २७ टक्के मिळाली, आणि कृष्णवर्णीय वस्त्यांनी त्यांना झिडकारले. २०२२ मध्ये जॉर्जियाच्या सिनेट निवडणुकीत डेमोक्रॅट राफाएल वॉर्नॉक आणि रिपब्लिकन हर्शेल वॉकर या दोन कृष्णवर्णीयांच्या लढतीतही तसेच झाले. राज्यशास्त्रज्ञ मायकेल डॉसन यांनी या वागण्यामागचा विचार १९९४ मध्ये उलगडला. आपल्या समाजाचे जे होईल तेच आपले होईल, हा अनुभव ज्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा आला, ते समाजाच्या हिताची धोरणे कोणता पक्ष राबवतो हे आधी बघतात. उमेदवाराचा वर्ण त्या हिशेबात येतो, पण नंतर. त्यामुळेच टेनेसीत मेम्फिसच्या कृष्णवर्णीय बहुसंख्य मतदारसंघाने २००६ पासून स्टीव्ह कोहेन या गोऱ्या डेमोक्रॅटला पुन्हा पुन्हा निवडून दिले.

खुद्द ओबामांनाही हा पाठिंबा आयता मिळाला नाही. २००७ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरायचा होता तेव्हा, अनेक कृष्णवर्णीय डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन यांच्या बाजूने होते. गोरे लोक कृष्णवर्णीयाला राष्ट्राध्यक्ष करणारच नाहीत, मग मत वाया का घालवायचे, ही शंका त्यामागे होती. ३ जानेवारी २००८ ला आयोवाने, म्हणजे जवळजवळ पूर्ण गोऱ्या राज्याने, ओबामांना पहिला क्रमांक दिला आणि ती शंका फिटली. तीन आठवड्यांनी साउथ कॅरोलायनात कृष्णवर्णीयांची सुमारे ७८ टक्के मते त्यांना पडली. दुसरे कसे मत देतील, याचा अंदाजही मत ठरवतो, हे यातून स्पष्ट होते.

नोव्हेंबर २००८ च्या निकालाचे वाचन दोन टोकांनी झाले. एक्झिट पोलनुसार ओबामांना गोऱ्या मतदारांची ४३ टक्के मते मिळाली. चार वर्षांपूर्वी जॉन केरी या गोऱ्या उमेदवाराला ४१ टक्के मिळाली होती. यावरून वर्णाचा अडसर संपला, असे अनेकांनी लिहिले. पण ते वर्ष वेगळे होते. इराक युद्धाने बुश सरकार बदनाम झाले होते आणि सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स कोसळल्यावर बँका हादरल्या होत्या. अशा वर्षी विरोधी पक्षाच्या कोणत्याही उमेदवाराला मोठी लाट मिळायला हवी. अर्थशास्त्रज्ञ सेथ स्टीव्हन्स-डेव्हिडोविट्झ यांनी गुगलवर वंशद्वेषी शब्दांचा शोध कोणत्या भागात जास्त घेतला जातो ते पाहिले आणि त्या भागांतली केरी व ओबामा यांची मते ताडून पाहिली. वर्णद्वेषामुळे ओबामांची राष्ट्रीय पातळीवर सुमारे ४ टक्के मते गेली, असा त्यांचा अंदाज निघाला. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. पण भूगोल त्याला दुजोरा देतो. अलाबामात केरींना गोऱ्यांची १९ टक्के मते मिळाली होती, ओबामांना १०. इंडियाना हे राज्य मात्र १९६४ नंतर प्रथमच डेमोक्रॅटिक झाले. एकाच उमेदवाराला त्याच्या वर्णाने एका राज्यात मागे ओढले आणि दुसऱ्या राज्यात जवळपास काहीच केले नाही. राष्ट्रीय सरासरीत हे दोन्ही झाकले जाते.

मतपत्रिका गुप्त असते, तिच्यावर मतदाराचा वर्ण लिहिलेला नसतो. तरीही अमेरिकेत न्यायालयांना हे ठरवावे लागते की एखाद्या भागात लोक वर्णानुसार मत देतात का. त्यासाठी जवळजवळ पूर्ण गोऱ्या वस्तीतल्या केंद्रांचे निकाल पूर्ण कृष्णवर्णीय वस्तीतल्या केंद्रांशी ताडून बघतात, आणि मिश्र वस्त्यांसाठी संख्याशास्त्राची मदत घेतात. १९८६ च्या थॉर्नबर्ग विरुद्ध जिंगल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच्या कसोट्या घालून दिल्या. अल्पसंख्य समाज एका मतदारसंघात बहुसंख्य ठरेल इतका मोठा आणि एकवटलेला आहे का, तो एकजुटीने मत देतो का, आणि बहुसंख्य समाज गठ्ठ्याने मत देऊन त्याच्या उमेदवाराला सहसा पाडतो का, हे पाहिले जाते. अख्ख्या शहराची मिळून एकच निवडणूक घेतली, तर ४० टक्के असलेला समाज प्रत्येक जागा हरू शकतो. शहराचे प्रभाग पाडले की तोच समाज आपल्या वाट्याच्या जागा जिंकतो. नव्वदच्या दशकात असे मतदारसंघ आखले गेले आणि काँग्रेसमधल्या कृष्णवर्णीयांची संख्या वाढली. पण नॉर्थ कॅरोलायनाचा बारावा मतदारसंघ महामार्गाच्या कडेने सुमारे १६० मैल पसरला होता आणि काही ठिकाणी रस्त्याहून रुंद नव्हता. १९९३ च्या शॉ विरुद्ध रीनो निर्णयात न्यायालयाने अशा आखणीवर आक्षेप घेतला. तेव्हापासून वर्णाचा विचार किती करायचा, हा वाद संपलेला नाही.

अमेरिकेबाहेर, ब्रिटनमध्ये, उमेदवाराच्या वर्णाचा प्रश्न ठळकपणे पुढे आला तो मुंबईच्या एका माणसामुळे. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी १८८६ मध्ये लंडनच्या होबर्न मतदारसंघातून हरले. १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी एडिंबरोच्या भाषणात त्यांचा ‘काळा माणूस’ असा उल्लेख केला, आणि ब्रिटिश मतदारसंघ अशा माणसाला निवडील असे आपल्याला वाटत नाही, असे सुचवले. या उल्लेखावर देशभर टीका झाली आणि तोवर थोड्यांनाच माहीत असलेले दादाभाई घरोघरी पोचले. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून ते अवघ्या ५ मतांनी निवडून आले. इतक्या निसटत्या विजयात त्यांच्या वर्णाने किती मते तोडली आणि सॅलिसबरींच्या अपमानाने किती मिळवून दिली, हे वेगळे करता येत नाही. दोन्ही झाले असणार. तीनच वर्षांनी मुंबईचेच मंचेरजी भावनगरी सॅलिसबरींच्याच कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातर्फे लंडनच्या बेथनल ग्रीन भागातून निवडून आले. पक्षाचे चिन्ह पाठीशी असले की वर्णाचा अडसर कसा ओलांडता येतो, याचा हा जुना पुरावा. मात्र चिन्ह नेहमीच पुरत नाही. १९९२ मध्ये चेल्टनम या कॉन्झर्व्हेटिव्ह बालेकिल्ल्यात जॉन टेलर या कृष्णवर्णीय बॅरिस्टरला पक्षाने उभे केले. स्थानिक सदस्यांतल्या काहींनीच विरोध केला आणि जागा लिबरल डेमोक्रॅट पक्षाकडे गेली.

अलीकडे काल्पनिक उमेदवारांचे प्रयोग खूप होतात. मतदारांना दोन उमेदवारांची माहिती देतात. शिक्षण, अनुभव, धोरणे, वर्ण यांची अदलाबदल करत कोणाला पसंती मिळते ते मोजतात. अशा चाळीसहून अधिक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्पसंख्य वर्णाच्या उमेदवाराला सरासरीने तोटा होत नाही, आणि मतदार त्याच समाजाचा असेल तर पसंती लक्षणीय वाढते, असे त्यात आढळले. या निष्कर्षाला एक मर्यादा आहे. प्रयोगात मतदाराला उमेदवाराची सगळी माहिती व्यवस्थित मांडून दिलेली असते, प्रचाराचा चिखल नसतो, आणि उमेदवारी मिळवण्याचा टप्पा तर नसतोच. प्रत्यक्षात ‘हा निवडून येणार नाही’ असे ठरवून पक्षाचे पदाधिकारी आणि देणगीदार अनेकांना मतपत्रिकेपर्यंत पोचूच देत नाहीत. ज्यांची नावे मतदारांपुढे आलीच नाहीत, त्यांची नोंद कोणत्याही निकालात सापडत नाही.

मराठी वाचकाला ओळखीचे असलेले एक उदाहरण डेट्रॉइटमधले आहे. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले आणि ‘ही श्रींची इच्छा’ या आत्मकथनामुळे महाराष्ट्रात परिचित असलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून उभे राहिले. डेट्रॉइट हे कृष्णवर्णीय बहुसंख्येचे शहर, आणि पन्नाशीच्या दशकापासून काँग्रेसमध्ये त्याचा किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी असे. प्रायमरीत अनेक कृष्णवर्णीय उमेदवार असल्याने मते फुटली. ठाणेदारांनी स्वतःचे बरेच पैसे प्रचारात घातले आणि तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी मतांवर उमेदवारी मिळवली. शहराचा आवाज गेला, अशी खंत अनेक स्थानिक नेत्यांनी व्यक्त केली, आणि तिच्यामागचा इतिहास पाहता ती समजण्यासारखी आहे. २०२४ च्या प्रायमरीतही त्यांच्यासमोर कृष्णवर्णीय उमेदवार होते. या वेळी ते विद्यमान सदस्य होते, त्यांचे काम आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी दोन्ही मतदारांपुढे होत्या, आणि त्यांना निम्म्याहून जास्त मते मिळाली.